फुस्तातची झिलईदार खापरे

फुस्तात ही इजिप्तची पहिली मुस्लिम राजधानी. सेनापती अम्र इब्न अल-आस याने इ. स. ६४१ च्या सुमारास ती नाईलच्या पूर्व काठावर वसवली. आज ती जागा कैरो शहरात मोडते. ११६८ मध्ये जेरुसलेमची ख्रिस्ती फौज चालून आली, तेव्हा वजीर शावर याने शहराला आग लावली. पुढे उजाड भागात कैरोचा कचरा पडत राहिला. मध्ययुगीन मृत्पात्रांच्या तुकड्यांचा एवढा प्रचंड साठा फार थोड्या ठिकाणी सापडतो.

दुर्दैवाने बराचसा साठा पुराव्याविना हाती आला. शेतकऱ्यांना खत म्हणून या ढिगाऱ्यांतली माती हवी असे. ती उपसताना थर विस्कटले आणि कोणते खापर कोणत्या काळातले, हे सांगणारी खूणच पुसली गेली. अली बहगत यांनी १९१२ पासून उत्खनन केले. थरांचा काटेकोर अभ्यास १९६४ पासून जॉर्ज स्कॅनलन यांच्या मोहिमांत झाला.

सर्वांत देखणी खापरे फातिमी खलिफांच्या काळातली (इ. स. ९६९ ते ११७१), धातूसारख्या चमकीची. कथिल घातलेल्या पांढऱ्या झिलईचे भांडे आधी भाजून घेत. मग त्यावर चांदी व तांब्याच्या क्षारांनी ससे, पक्षी, वादक, कुफी (कोनदार अरबी वळणाची) अक्षरे रंगवत आणि भांडे पुन्हा मंद आचेच्या धुरकट भट्टीत ठेवत. हवा कमी पडल्याने धातूचा अतिसूक्ष्म थर झिलईतच बसे. आच जरा चुकली की सगळी मेहनत वाया. 'साद' आणि 'मुस्लिम' या कारागिरांच्या सह्या काही तुकड्यांवर आहेत. १०४० च्या दशकात येथे आलेला प्रवासी नासिर खुस्रो लिहितो, की भांडी इतकी तलम, की बाहेर धरलेला हात आतून दिसे.

चीनहून येणाऱ्या हिरवट सेलाडॉन भांड्यांच्या नकलाही इथे होत. वरून फरक चटकन कळत नाही, पण तुटलेली कड पाहावी: चिनी खापर घट्ट, राखाडी, स्थानिक खापर भुसभुशीत, पांढरट. पांढऱ्या चिनी मातीऐवजी इथल्या कुंभारांनी गारगोटीची पूड, काचेची भुकटी आणि थोडी माती यांचे मिश्रण वापरले. ही केवळ नक्कल नव्हे, स्वतंत्र शोध मानावा लागतो.

भट्टीत वाकडी झालेली, एकमेकांना चिकटलेली भांडी आणि भांड्यांखाली ठेवायच्या मातीच्या तिवया संग्रहालयात क्वचितच मांडतात. पण भांडी इथेच घडत होती, याचा खरा पुरावा तोच.