तांडेलाच्या मोबाइलवरचा संदेश येतो कुठून?

वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि मासळी मिळण्याची शक्यता असलेला पट्टा ही माहिती आज कोकणातल्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाला, मोबाइलवर मराठीतून मिळू शकते. एखाद्या कंपनीने बसल्या जागी ॲप बनवले, असा अनेकांचा समज असतो. मला तो खोडून काढावासा वाटतो, कारण या सेवेमागे अनेक संस्थांचे मिळून केलेले काम आहे.

१९९० च्या दशकात उपग्रहाने मोजलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावरून थंड आणि उबदार पाणी कुठे भिडते ते शोधले जाई, कारण तिथे मासळी जमते. मे १९९९ मध्ये ओशनसॅट-१ अवकाशात गेला आणि पाण्यातल्या हरितद्रव्याचीही मोजणी सुरू झाली. हरितद्रव्य जास्त तिथे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, जास्त, आणि त्यामागे तारली-बांगड्याचे थवे. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने ही पद्धत विकसित केली. रोजचा सल्ला देण्याचे काम १९९९ मध्येच हैदराबादला स्थापन झालेल्या ‘इन्कॉइस’ या समुद्रविषयक माहिती सेवा केंद्राकडे आले. पट्ट्यात खरोखर जास्त मासळी लागते का, हे मत्स्य संशोधन संस्थांनी प्रत्यक्ष जाळी टाकून पडताळले.

अडचण शेवटच्या टप्प्यात होती. सल्ला फॅक्सने किंवा बंदरावरच्या फलकावर यायचा, आणि हा पट्टा तर दोन-तीन दिवसांत सरकतो किंवा विरून जातो. म्हणजे फॅक्स मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात पडून राहिला, की त्याचा उपयोग संपला. मोबाइलची खरी गरज इथे होती. पुढे टीसीएसची मुंबईतली संशोधन प्रयोगशाळा, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र आणि इन्कॉइस एकत्र आले आणि रायगड जिल्ह्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर ‘एमकृषी’ची मोबाइलवरची मत्स्यसेवा उभी राहिली.

रायगडात डोलीची, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी मोठी. डोल ठरलेल्या जागी बांधलेली असते, त्यामुळे डोलकराला मासळीच्या पट्ट्यापेक्षा वारा आणि लाटांचा अंदाज जास्त मोलाचा. गिलनेट आणि पर्ससीन ही जाळी घेऊन मासळीमागे फिरणाऱ्याचे तसे नाही. एकच संदेश सर्वांना पाठवून भागत नाही. हे कळायला किनाऱ्यावर कोळ्यांशीच बोलावे लागते.

मग २०१७ चे ओखी वादळ आले. केरळ-तमिळनाडूच्या ६० हून अधिक नौका आणि ९०० हून अधिक मच्छीमार देवगड बंदराच्या आसऱ्याला पोहोचले. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून साधारण १०-१२ किलोमीटरपर्यंतच. त्यापलीकडे असलेल्यांना इशारा द्यायचा कसा? ऑक्टोबर २०१९ मध्ये इन्कॉइस आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून आणलेली ‘जेमिनी’ नावाची पेटी हे त्यावरचे उत्तर. विमानांना दिशा दाखवण्यासाठी उभारलेल्या ‘गगन’ यंत्रणेच्या उपग्रहांवरून आलेला संदेश ही पेटी पकडते आणि ब्लूटूथने नौकेवरच्या मोबाइलला देते.

पण जेमिनीवर संदेश फक्त येतो, परत पाठवता येत नाही. पावसाळी ढगांत उपग्रहाला पाण्याचे तापमान आणि रंग नीट दिसत नाहीत, तेव्हा पट्ट्याचा सल्लाही थांबतो. यांत्रिक नौकांची १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी त्याच काळात येते. बंदी उठल्यावर कुठे, किती वाव खोल पाण्यात, कोणती मासळी लागली हे तांडेलाकडून नियमित कळले तर पट्ट्याचे गणित सुधारेल. त्यासाठी त्याला केवळ सेवेचा ग्राहक न मानता संशोधनातला भागीदार मानावे आणि त्याच्या नोंदींचा मोबदला द्यावा, अशी माझी ठाम मागणी आहे. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीतच आहे, मिरकरवाडा बंदरही तिथेच. या नोंदी गोळा करायला सुरुवात तिथून होऊ शकते.