परतणे

परतणे : निघालेल्या ठिकाणी पुन्हा येणे, या अर्थाचे मराठी क्रियापद. 'माघार घेणे' यात हार असते, 'परतणे' यात ती नसते. मात्र 'आल्या पावली परतला' म्हटले की काम न होता, बहुधा न टेकताच तो गेला, असे समजावे.

हे क्रियापद अकर्मक आहे तसेच सकर्मकही. 'आई गावाहून परतली' आणि 'आईने भाजी परतली' यांत रूप एकच. फरक कळतो तो 'ने' या प्रत्ययाने. पहिले आईप्रमाणे चालते, दुसरे भाजीप्रमाणे, म्हणून 'आईने कांदा परतला'. कढईतला कांदा खालचा वर करणे काय किंवा माणसाने घराकडे तोंड वळवणे काय, कल्पना फिरवण्याचीच. 'परतवणे' (हल्ला), 'परतफेड', 'परतावा', संपादकांचे 'साभार परत' ही सारी याच कुळातली. 'परत' म्हणजे 'पुन्हा' असाही अर्थ होतो. त्यामुळे 'परत ये' हे मागे बोलावणे की पुढचे आमंत्रण, ते प्रसंगावरूनच कळते.

बोलणारा आपले मूळ ठिकाण कोणते मानतो, हे या क्रियापदातून उघड होते आणि मुंबईत ते फार महत्त्वाचे आहे. गणपतीला कोकणात गेलेल्या चाकरमान्यांचा 'परतीचा प्रवास' वर्तमानपत्रांत छापून येतो, तेव्हा मूळ ठिकाण मुंबई असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबत गेला तसे त्यांतले अनेक जण 'गावी परतले'. उभे आयुष्य लालबाग-परळच्या चाळींत काढलेल्या माणसांबद्दलही हाच शब्द वापरला गेला. 'परतणे'चा अर्थ सांगताना हे वाक्य वगळता येणार नाही.

लोकलमध्ये 'रिटर्न' हा शब्द रुळला आहे. नालासोपाऱ्याचे काही प्रवासी सकाळी आधी उलटे विरारला जातात आणि तीच गाडी चर्चगेटकडे सुटते तेव्हा त्यांना बसायला जागा मिळालेली असते. याला 'रिटर्न येणे' म्हणतात. परतते ती गाडी. प्रवासी जागचा हलत नाही.

'परतीचा पाऊस' हा प्रयोग माघारी निघालेल्या मोसमी वाऱ्यांवरून आला. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख हवामान विभागाने २०२० मध्ये ८ ऑक्टोबर अशी ठरवली. दुपारी ऊन तापते, संध्याकाळी ढग गडगडतात, आणि कोकणात हाच पाऊस कापणीला आलेल्या भातावर कोसळतो.