घर कोणत्या वयात सुटलं?

शिक्षण संपणं, पहिली नोकरी, आईवडिलांच्या घरातून बाहेर पडणं, लग्न आणि पहिलं मूल. लोकसंख्येचे अभ्यासक प्रौढ होण्याचे साधारणपणे हे पाच टप्पे मानतात. स्थलांतर झालं की त्यांचा क्रम विस्कटतो. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाची शाळा सुटते, घर सुटतं आणि कमाई सुरू होते, सगळं एकाच महिन्यात. लग्नाचा विचार मात्र पुढची दहा वर्षं लांबतो.

मुलींच्या बाबतीत तर कोण निघालं आणि कोणाच्या मर्जीनं, हे आधी विचारावं लागतं. कामासाठी स्वतः बाहेर पडलेल्या मुलीच्या हाती पैसा येतो आणि बहुतेकदा लग्न, मूल पुढे जातं. युद्धामुळे किंवा पुरामुळे कुटुंबासकट विस्थापित झालेल्या मुलीचं अनेकदा नेमकं उलट होतं. अनोळखी वस्तीत तिच्या सुरक्षिततेची धास्ती असते, घरात खाणारी तोंडं जास्त असतात, म्हणून तिचं लग्न घाईनं उरकलं जातं. त्याची किंमत तिचं शरीर मोजतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, विशीच्या आतल्या मातांना गरोदरपणातले झटके आणि बाळंतपणानंतर गर्भाशयाला होणारा जंतुसंसर्ग यांचा धोका २० ते २४ वयाच्या मातांपेक्षा जास्त असतो.

स्थलांतराचं वय शरीरातही नोंदलं जातं, आणि मला या विषयातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून ब्रिटनमध्ये गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी त्यांच्या लाळेतलं प्रोजेस्टेरॉन मोजलं. पाळीचं चक्र आणि गर्भधारणा यांच्याशी निगडित असलेलं हे संप्रेरक. लहानपणीच ब्रिटनमध्ये गेलेल्या स्त्रियांमध्ये त्याची पातळी जास्त होती आणि त्यांना पाळीही लवकर आली होती. मोठेपणी गेलेल्यांची पातळी मात्र सिल्हेटमध्येच राहिलेल्या स्त्रियांच्या जवळपास होती, ब्रिटनमध्ये राहूनसुद्धा. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की लहानपणी जंतुसंसर्ग कमी झाले तर त्यांच्याशी झुंजण्यात शरीराची कमी ऊर्जा खर्च होते आणि ती प्रजननसंस्थेच्या वाढीकडे वळते. वयात आल्यावर हा पाया बराचसा पक्का झालेला असतो.

आरोग्यसेवा मात्र माणूस एका जागी राहणार हे गृहीत धरून आखलेल्या असतात. गर्भनिरोधक इंजेक्शनचंच पाहा. ते दर तीन महिन्यांनी घ्यावं लागतं. पुढची तारीख येते तेव्हा मुलगी नव्या शहरात असते. जुनं कार्ड मागे राहिलेलं, भाषा येत नाही, दवाखाना कुठे आहे ते माहीत नाही, आणि सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्वचेखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी अनेक वर्षं चालते, पण ती काढायला प्रशिक्षित हात लागतात. मुलग्यांचीही आबाळ होते. घरापासून लांब, समवयस्कांच्या सांगोवांगीवर त्यांचं लैंगिक ज्ञान उभं राहतं, आणि लैंगिक आजाराची लक्षणं दिसली तरी लाजेपायी ते औषधोपचार टाळतात. तातडीची गर्भनिरोधक गोळी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी उत्तम. संसर्गाच्या शंकेनंतर एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. नवख्या गावात विचारपूस करण्यातच एवढा वेळ निघून जातो.

म्हणून आरोग्यसेवाच चालत्या माणसाच्या मापाची करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. तशी सुरुवात झाली आहे. स्वतःच्या हातानं घेता येणारं गर्भनिरोधक इंजेक्शन आता उपलब्ध आहे. ते शिकून घेतलं आणि पुढचे डोस सोबत दिले, तर दर खेपेला दवाखाना शोधावा लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीचा ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एकच डोस पुरेसा ठरू शकतो, हेही जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये मान्य केलं. दुसऱ्या डोसच्या तारखेआधीच गाव सोडणाऱ्या मुलीलाही ते संरक्षण आता पूर्ण मिळू शकतं.