फिल्टर चोख, तरी हार्मोनिक अँटेनावर

कॉइल-कपॅसिटरच्या साखळीने नको त्या फ्रिक्वेन्सी गाळण्याची कल्पना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिका आणि जर्मनीत जवळपास एकाच वेळी पुढे आली. तेव्हा गरज टेलिफोनच्या लाइनींची होती. पुढे कॉइल-कपॅसिटरची मापे देणारे तयार तक्ते छापून आले आणि हौशी रेडिओवाल्यांनी गणित सोडून तक्तेच उचलले.

आपल्याकडे खरी हालचाल २००३ नंतरची. त्या वर्षी हैदराबादच्या एका हौशीचा 'बिटएक्स' आला. कॉइल गुंडाळायची महागडी चुंबकीय कडी, म्हणजे टोरॉइड, मिळेनात, तर टीव्हीचे बॅलन कोअर आणि नळाचे वॉशर चालवून घेणारा हा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा आणि ऐकायचा रेडिओ संच. २०१७ च्या अखेरीस आलेल्या 'मायक्रो बिटएक्स'ने ३ ते ३० मेगाहर्ट्झ एकाच बोर्डावर आणले. त्यात लो-पास फिल्टर (ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरचे अडवणारे) चार आणि ते बदलायला रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच.

वाद इथेच पेटला. अमेरिकेत २००३ पासूनच्या नव्या एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) ट्रान्समीटरचे नको असलेले सिग्नल मूळ सिग्नलच्या किमान ४३ डेसिबल खाली असावे लागतात. काही बँडवर हा सेट त्यात बसेना. संशय आधी कॉइलवर. पण फिल्टर सुटा मोजला तर चोख! फिल्टरची आत जाणारी आणि बाहेर येणारी वाट एकाच रिलेच्या शेजारशेजारच्या संपर्कांतून जात होती, त्यामुळे हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट पटीतले नको असलेले सिग्नल, फिल्टरला वळसा घालून थेट अँटेनाकडे निघत. दोष रिलेच्या जातीचा की मांडणीचा, यावर दोन तट पडले. दुसऱ्या बनावटीचे रिले लावून फरक पडल्याचे काहींनी दाखवले, हे खरे. तरी पारडे मांडणीकडेच झुकते. पुढच्या आवृत्तीत बदलली ती मांडणीच.

याच तक्रारीत दुसरी एक सर्रास मिसळली जाते. २८ मेगाहर्ट्झवर बोलताना १७ वर आगंतुक सिग्नल दिसे. आयएफ, म्हणजे सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी, ४५; तीत २८ मिळवले की आतला ऑसिलेटर ७३ वर. ४५ ची दुप्पट ९०, त्यातून ७३ वजा केले की १७. हा कामाच्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा, त्याला लो-पास कितीही चांगला बांधला तरी काय अडवणार?

२०१९ च्या सुमारास नॅनोव्हीएनए हे फिल्टर मोजायचे छोटे उपकरण काही हजारांत मिळू लागला आणि फिल्टरचा वक्र घरच्या टेबलावर दिसायला लागला. पण तो वक्र सुट्या फिल्टरचा, दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध जोडलेला असतानाचा. बोर्डावरचे हार्मोनिक बघायला २०२० चा टायनीएसए, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारे उपकरण, लागतो, तोही मध्ये सिग्नल कमी करणारा पुरेसा अ‍ॅटेन्युएटर टाकून; १० वॅट थेट सोडले तर उपकरणच जाते.