मोटारीतील चार-चॅनेल ॲम्प्लिफायर व दारांतील स्पीकर यांची जोडणी

डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचा आवाज वेगळ्या ॲम्प्लिफायरने वाढवून चारही दारांतल्या स्पीकरपर्यंत पोचवण्यासाठी केलेली वायरिंगची रचना. ॲम्प्लिफायरला बोलताना नुसते ‘ॲम्प’ म्हणतात. एका चॅनेलवर, म्हणजे आवाजाच्या एका स्वतंत्र वाटेवर, एक स्पीकर, याप्रमाणे पुढच्या दोन आणि मागच्या दोन दारांना मिळून चार चॅनेल लागतात. पाचवे चॅनेल असलेच तर ते डिकीतल्या सबवूफरसाठी, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरसाठी, असते.

वेगळा ॲम्प का लागतो, याचे उत्तर बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओच्या आतल्या ॲम्पला तेवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला तो स्वच्छ आवाजात जेमतेम १८ ते २० वॉट देतो, मग खोक्यावर ‘५० वॉट × ४’ छापलेले का असेना. त्याच स्पीकरला खरोखर ५० वॉट द्यायचे तर १४.१ व्होल्टचा संकेत लागतो आणि त्याचे शिखर २० व्होल्टपर्यंत जाते. बॅटरीत तेवढा दाब, म्हणजे व्होल्टेज, नाहीच. म्हणून वेगळ्या ॲम्पमध्ये आधी बॅटरीचा दाब चढवणारे सर्किट असते आणि मग ध्वनी वाढवणारे. सीटखालचा ॲम्प हाताला गरम लागतो तो या दुहेरी कामामुळे.

ॲम्पला लागणारी वीज थेट बॅटरीवरून घेतात. चार चॅनेलचे मिळून २०० वॉट काढायचे तर जुन्या पद्धतीचा एबी वर्गाचा ॲम्प पूर्ण जोरात सुमारे २४ अँपिअर ओढतो. कमी वीज वाया घालवणारा डी वर्गाचा ॲम्प १८च्या आसपास. पाच मीटर लांबीसाठी १० चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली, तर एवढ्या प्रवाहाला त्यात जेमतेम ०.२ व्होल्ट पडतात. मात्र वायर खरोखर तांब्याची हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत वायर मीटरवर मिळते. तिथे टोक खरवडून पाहावे. आतून चंदेरी दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असू शकते आणि त्याची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी भरते. कथील चढवलेले तांबेही वरून चंदेरीच दिसते, पण खरवडले की आत लाल निघते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवतात. तो ॲम्पसाठी नसून वायरसाठी आहे. फ्यूज लांब, केबिनमध्ये बसवला आणि इंजिन व केबिन यांमधल्या पत्र्याच्या भोकात वायर घासून उघडी पडली, तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा जळण्यापासून वाचवणारे काहीच उरत नाही. त्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे काठाला बसणारे कडे, नसेल तर काम पुढे नेऊ नये. अर्थची वायर आखूड ठेवून रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर बोल्टने आवळतात. सीटच्या नटाखाली रंगावरच दाबलेली अर्थ हे इंजिनच्या वेगाबरोबर चढणाऱ्या शिटीचे नेहमीचे कारण.

स्टिरिओकडून ॲम्पला संकेत दोन प्रकारे मिळतो. मागे आरसीए सॉकेट, म्हणजे संकेताच्या केबलसाठीच्या गोल खाचा, असतील तर त्यांतून २ ते ४ व्होल्टचा संकेत घेतात आणि निळ्या-पांढऱ्या वायरने ॲम्प चालू-बंद होतो. कंपनीच्या मूळ स्टिरिओला बहुधा आरसीए नसते. तिथे त्याच्या स्पीकरच्या वायरी ॲम्पच्या ‘हाय लेव्हल’, म्हणजे स्पीकरचा जोरदार संकेत घेणाऱ्या, इनपुटला देतात. बाजारातून घेतलेल्या स्टिरिओच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. काळी रेघ असलेली वायर ऋण. गाडीच्या मूळ हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, मात्र प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. तिथे रंगावर विसंबू नये, मल्टिमीटर लावावा.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. जुन्या काळी स्पीकरची ऋण वायर सरळ गाडीच्या पत्र्याला जोडत, आणि ती सवय अजून काहींच्या हातात आहे. आजच्या स्टिरिओतला ॲम्प स्पीकर दोन्ही टोकांनी चालवतो. दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्टचा स्थिर दाब असतो. दोन्हीकडे तो सारखाच असल्यामुळे स्पीकरला त्याचा पत्ता लागत नाही. पण त्यातली एक वायर पत्र्याला टेकली, की स्टिरिओची आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, धोक्यात येते. बाहेरच्या ॲम्पमध्येही जोडीतले एक चॅनेल उलट्या दिशेने चालवलेले असू शकते, त्यामुळे दोन स्पीकरच्या ऋण वायरी एकत्र करून एक वायर वाचवणे धोक्याचे आहे. चार स्पीकरच्या आठ वायरी शेवटपर्यंत आठच राहिल्या पाहिजेत.

आता दार. या कामातला खरा अवघड भाग तोच, आणि कारागिराची पारखही तिथेच होते. दार आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये बिजागरीजवळ रबराची घडीदार नळी असते. काचेची मोटर, लॉक, आरसा आणि स्पीकर अशा सगळ्यांच्या वायरी तिच्यातून जातात. नवी वायर घालायची तर नळीची दोन्ही टोके काढतात, सायकलच्या स्पोकसारखी ताठ तार आधी आरपार करतात, तिच्या टोकाला वायर टेपने बांधतात आणि थोडा साबणाचा फेस लावून हळूहळू ओढतात. बऱ्याच नव्या गाड्यांत नळीऐवजी खांबाला मोठा कपलर, म्हणजे पिनांचा जोड, असतो. त्यात रिकामी पिन नसेल तर वायर जायला जागाच नसते. कपलरचे प्लास्टिक भोसकून वाट काढणारे आहेत. पुढे काच अडकली किंवा लॉक चालेनासे झाले, की त्याची किंमत कळते.

बहुतेक वेळा या खटाटोपाची गरजच नसते. दारातली मूळ वायर बारीक, समजा अर्ध्या चौरस मिलिमीटरची असली, तरी जाऊन-येऊन दहा मीटरला तिचा रोध ०.३६ ओहमच्या आसपास भरतो. ४ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे पडणारा फरक एक डेसिबलच्या आत राहतो. कानाला तो कळत नाही. ५० वॉटला प्रवाह साडेतीन अँपिअरच असतो. म्हणून ॲम्पपासून स्टिरिओच्या मागच्या जागेपर्यंत नऊ तारांची एकच केबल नेतात. आठ तारा स्पीकरच्या, नववी रिमोटची, म्हणजे ॲम्प चालू-बंद करणारी. स्टिरिओच्या आणि गाडीच्या कपलरमध्ये तयार जोडकपलर घालून आठ तारा दारांकडे जाणाऱ्या मूळ वायरींना जोडल्या, की कंपनीचा हार्नेस कापावा लागत नाही आणि दाराच्या नळीला हात लावावा लागत नाही. साध्या गाडीसाठी हीच पद्धत उत्तम.

केबल खांबाच्या आवरणामागून नेताना पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना धक्का लागू देऊ नये. त्या एअरबॅगच्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण वायर काढावी.

दाराच्या आत पाणी येते, हे गृहीतच धरावे. काचेवरून उतरणारा पाऊस दाराच्या पोटातून तळाच्या छिद्रांवाटे बाहेर जातो. डोअर पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा त्याला केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बदलताना हा पडदा फाडून तसाच सोडला, तर कोकणातल्या एका पावसाळ्यात पायाखालचे मॅट ओले होते आणि कागदी कोनाचा स्पीकर फुगतो. वायर स्पीकरला लावण्यापूर्वी तिला खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी जोडापर्यंत न जाता झोलाच्या तळाशी गळते. जोड डाक देऊन वर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवलेला असावा. नुसता पीळ देऊन टेप मारलेला जोड उन्हाने सुटतो.

ध्रुवता तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. ॲम्पच्या बाजूची वायरींची टोके सुटी करून सेलचे धन टोक धन वायरीला आणि ऋण टोक ऋण वायरीला क्षणभर टेकवावे. कोन बाहेर यायला हवा. डावा बाहेर येतो आणि उजवा आत जातो, असे झाले तर दोघांचा खर्ज एकमेकांना मारतो. आवाज मोठा असूनही पोकळ लागतो आणि गायक समोर न भासता कुठेतरी हरवतो.

दारातल्या साडेसहा इंची स्पीकरला ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज पेलत नाही, म्हणून तो खर्ज अडवणारे ॲम्पवरचे हाय पास फिल्टर तिथे लावतात. ॲम्पवरचे ‘गेन’ म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, ते स्टिरिओच्या संकेताशी ॲम्पचा मेळ घालते. स्टिरिओचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवून चाचणीचा सूर वाजवतात आणि ॲम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर धरून गेन वाढवत नेतात. ५० वॉट व ४ ओहम असेल तर १४ व्होल्टला थांबायचे. शेवटी बॅलन्स (डावे-उजवे) आणि फेडर (पुढे-मागे) फिरवून एकेक दार स्वतंत्र ऐकतात, आणि गाणे चालू ठेवून प्रत्येक दार दहा-बारा वेळा उघडून मिटतात. नळीतला किंवा कपलरमधला कच्चा जोड असेल तर तो तेवढ्यात खरखरतो. डोअर पॅडच्या क्लिपा त्यानंतर बसवायच्या.