‘पास’चे पॅकेज: एका बॅश स्क्रिप्टमागच्या डिपेंडन्सी

जेसन डोनेनफेल्ड यांनी २०१२ मध्ये ‘पास’ हा कमांड-लाइन पासवर्ड मॅनेजर आणला. त्यात डेटाबेस नाही आणि स्वतःचे एन्क्रिप्शनही नाही. प्रत्येक पासवर्डसाठी जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट केलेली एक फाइल असते, बदलांचा इतिहास गिट हा आवृत्त्या नोंदवणारा प्रोग्रॅम सांभाळतो आणि या सगळ्याची सांगड एक बॅश स्क्रिप्ट (कमांड-लाइनच्या आज्ञांची फाइल) घालते.

डेबियन या लिनक्स वितरणात सोर्स पॅकेज ‘पासवर्ड-स्टोअर’ या नावाने आहे आणि इन्स्टॉल होणारे पॅकेज ‘पास’ या नावाने. कंपाइल करण्यासारखे काही नसल्याने काम हलके वाटते. पण स्क्रिप्ट जवळपास सगळे दुसऱ्या प्रोग्रॅमकडून करून घेते, म्हणून पॅकेजरची, म्हणजे पॅकेज तयार करणाऱ्याची, खरी जबाबदारी डिपेंडन्सींची (सोबत लागणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी हीच आहे. जीपीजी, फाइलींची यादी झाडासारखी दाखवणारे ट्री (१.७.० किंवा पुढची आवृत्ती) आणि कमांडचे पर्याय वाचणारे ग्नू पद्धतीचे गेटऑप्ट यांच्याशिवाय चालत नाही. पासवर्ड क्लिपबोर्डवर कॉपी करणारे एक्सक्लिप मात्र सक्तीचे करू नये, नाहीतर स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवरही एक्स-११ या ग्राफिक्स प्रणालीच्या लायब्ररी येऊन बसतात. २०१७ च्या १.७ आवृत्तीपासून पासवर्ड थेट कर्नलच्या यूरँडम या यादृच्छिक बाइट देणाऱ्या स्रोतातून तयार होतो, त्यामुळे यादीत राहिलेले पीडब्ल्यूजेन हे पासवर्ड बनवणारे साधन काढून टाकावे.

सर्वांत फसवी जागा इन्स्टॉलची आहे. स्क्रिप्ट नुसती उचलून बिन डिरेक्टरीत ठेवली तर लिनक्सवर ती चालते आणि सगळे ठीक दिसते. प्रत्यक्षात सिस्टिम एक्स्टेन्शनच्या (सर्व वापरकर्त्यांसाठीच्या जोड-स्क्रिप्टच्या) डिरेक्टरीचा पत्ता तिच्यात रिकामाच असतो. तो मेकफाइल, म्हणजे इन्स्टॉलच्या पायऱ्या लिहिलेली फाइल, इन्स्टॉलच्या वेळी भरते. फ्रीबीएसडी आणि मॅकओएससाठी वेगळी प्लॅटफॉर्म फाइलही तेव्हाच जोडली जाते. ती सापडली नाही तरी स्क्रिप्ट एरर दाखवत नाही, मग गेटऑप्ट अडखळते आणि कारण भलतीकडेच शोधले जाते. पॅकेज बांधताना फाइल ज्या तात्पुरत्या डिरेक्टरीत गोळा होतात, तिचा पत्ता मेकफाइलच्या ‘डेस्टडिर’ या व्हेरिएबलमध्ये द्यावा. तो ‘प्रीफिक्स’मध्ये (प्रोग्रॅमच्या कायमच्या जागेच्या व्हेरिएबलमध्ये) दिला तर बिल्ड मशीनवरचा पत्ता कायमचा स्क्रिप्टमध्ये लिहिला जातो.

बिल्डच्या वेळी चालणाऱ्या टेस्ट अडतात ते जीपीजीच्या इतिहासामुळे. २०१४ च्या जीपीजी २.१ पासून खाजगी किल्ल्या एजंट हा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅमच सांभाळतो. बिल्डच्या क्रूटमध्ये (उरलेल्या सिस्टिमपासून वेगळ्या केलेल्या डिरेक्टरीत) वापरकर्त्याची रन डिरेक्टरी नसेल, तर एजंटशी संपर्काचे सॉकेट टेस्टच्या जीपीजी होममध्ये, म्हणजे किल्ल्यांच्या डिरेक्टरीत, तयार होते. लिनक्सवर सॉकेटच्या पत्त्याला १०८ बाइटची मर्यादा आहे, त्यामुळे खोल डिरेक्टरीत बिल्ड केले की टेस्ट फसतात. होम छोट्या पत्त्यावर हलवावे आणि शेवटी एजंट बंद करावा. मागे राहिलेला एजंट क्रूट अनमाउंट होऊ देत नाही.

एक्स्टेन्शन १.७ मध्ये आली आणि त्यांच्याबरोबर धोकाही. सही तपासताना जीपीजीचे आउटपुट अपुऱ्या रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) वाचले जात होते, त्यामुळे खोटी सही खरी ठरवता येत होती. हा दोष सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१८-१२३५६ म्हणून नोंदला गेला आणि १.७.२ मध्ये दुरुस्त झाला. वापरकर्त्याची स्वतःची एक्स्टेन्शन त्यांना परवानगी देणारे व्हेरिएबल सेट केल्याशिवाय चालत नाहीत, आणि सही करणारी किल्ली ठरवली असेल तर त्यांची सही तपासली जाते. सिस्टिम डिरेक्टरीतली एक्स्टेन्शन मात्र या दोन्हीशिवाय चालतात, म्हणून तिथे ठेवायच्या प्रत्येक फाइलचा कोड पॅकेजरने आधी स्वतः वाचायला हवा.