जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी बायोमेट्रिक फोटो

जर्मनीत ९० दिवसांहून जास्त राहायचे असेल, मग ते शिक्षणासाठी असो, नोकरीसाठी असो की तिथे असलेल्या जोडीदाराकडे जाण्यासाठी, तर ‘डी’ वर्गाचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. त्याच्या अर्जाला लागणारा फोटो ३५ मिमी रुंद आणि ४५ मिमी उंच, रंगीत, गेल्या सहा महिन्यांत काढलेला आणि चेहरा थेट समोरून दाखवणारा असावा लागतो. चेहऱ्याचे फोटोतले मापही ठरलेले असते. अशा फोटोला बायोमेट्रिक फोटो म्हणतात. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईतल्या जर्मन महावाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. शिकायला जाणारे विद्यार्थी ब्लॉक खात्यातली (खर्चासाठी आधीच भरून ठेवायची, दरमहा ठरावीकच काढता येणारी) रक्कम, पदव्यांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र आणि विमा यांच्यासाठी महिनोन्‌महिने धावपळ करतात. फोटो मात्र आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या स्टुडिओत जाऊन काढला जातो. नेमका तोच अर्ज देण्याच्या भेटीच्या वेळी परत केला जाऊ शकतो, म्हणून त्याची तयारी इतर कागदांइतकीच आधी करायला हवी.

चेहऱ्याचे माप

फोटोची बाहेरची चौकट ३५ × ४५ मिमी असली म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आहे आणि सर्वाधिक फोटो तिथेच चुकतात. खरी अट चेहऱ्याच्या उंचीची आहे. हनुवटीच्या टोकापासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर ३२ ते ३६ मिमी, म्हणजे फोटोच्या उंचीच्या साधारण ७० ते ८० टक्के असावे लागते. आपल्याकडे ‘पासपोर्ट साइज’ म्हणून निघणारा फोटो बहुधा छातीपर्यंतचा असतो. शर्टाची दोन-तीन बटणे दिसतात, दोन्ही खांदे पूर्ण येतात आणि चेहरा पंचवीस मिमीच्या आसपास राहतो. शाळेच्या फॉर्मला, बँकेला, सिमकार्डाला तो चालतो. इथे चालत नाही. योग्य फोटोत खांद्यांचा फक्त वरचा भाग दिसतो. पाहणाऱ्याला चेहरा जरा जास्तच जवळ आल्यासारखा वाटतो, पण तो तसाच हवा.

तपासणी सोपी आहे. छापलेल्या फोटोवर कंपासपेटीतली पट्टी उभी ठेवायची, शून्य हनुवटीच्या टोकावर आणायचे आणि डोक्याचे वरचे टोक कुठे येते ते वाचायचे. ते ३२ च्या खाली असेल तर फोटोग्राफरला तिथेच थांबवून फ्रेम बदलून घ्यावी. कुरळे, दाट किंवा वर बांधलेले केस असतील तर ते शक्यतो पूर्ण दिसावेत, पण केस बसवण्यासाठी चेहरा लहान करू नये, असे जर्मन नियम सांगतात. अंबाडा मानेवर खाली बांधला की हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो.

नियम असा का

पासपोर्ट आणि व्हिसांच्या रचनेचे जागतिक मानक आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ‘दस्तऐवज ९३०३’ मध्ये आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८० साली निघाली. २००२ मध्ये बर्लिनला झालेल्या बैठकीत, ओळख पटवण्याचे मुख्य यांत्रिक साधन म्हणून चेहरा स्वीकारला गेला. जर्मनीने नोव्हेंबर २००५ पासून चिप असलेला पासपोर्ट सुरू केला. त्याआधी जर्मन पासपोर्टात चेहरा किंचित वळवलेला, एक कान दिसणारा फोटो लागत असे. चिप आली आणि समोरून काढलेला फोटो सक्तीचा झाला.

चेहरा ओळखणारे यंत्र सगळ्यात आधी दोन डोळ्यांची केंद्रे शोधते. त्यांना जोडणारी रेषा आडवी आहे का, त्यांच्यात किती पिक्सेल आहेत, यावरून ते चेहरा सरळ करते, मोठा-लहान करते आणि मग तुलनेला घेते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार डोळ्यांच्या केंद्रांमध्ये निदान ९० पिक्सेल असावेत. डोके एका बाजूला कलले, हनुवटी वर गेली, डोळ्यांवर केसांची बट आली किंवा चष्म्याच्या काचेवर ट्यूबलाइट चमकली की ही पहिलीच पायरी डगमगते. हसण्याला मनाई का, याचेही उत्तर इथेच मिळते. हसताना गाल वर येतात, डोळे बारीक होतात, ओठांची रेषा लांबते, आणि तुलनेची मापे बदलतात. म्हणून तोंड मिटलेले, चेहरा शांत आणि नजर थेट कॅमेऱ्यात असावी. चेहरा मुद्दाम कठोर करण्याची गरज नाही. ओठ सैल मिटून एक श्वास सोडला की आपोआप येतो तो भाव पुरेसा असतो.

प्रकाश, भिंत आणि अंतर

पार्श्वभूमी एकरंगी, फिकट आणि नक्षी नसलेली हवी. जर्मन मार्गदर्शिका राखाडीला पसंती देते, कारण तिच्यावर काळे केसही उठून दिसतात आणि पांढरेही. काळ्या केसांना फिकट राखाडी चालते. पिकलेल्या केसांच्या माणसाला जरा गडद राखाडी लागते, नाहीतर डोक्याची कड भिंतीत विरघळते. पांढऱ्या पडद्यासमोर पांढरा शर्ट घातला तर खांद्यांचे तेच होते. स्टुडिओत वर्षानुवर्षे लावलेला निळा पडदा या कामाला घेऊ नये. संगणकावर पार्श्वभूमी कापून नवी चिकटवण्याची पद्धतही टाळावी. कानांच्या आणि केसांच्या कडा करवतीने कापल्यासारख्या दिसतात आणि तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतात.

पांढऱ्या पडद्याचा आणखी एक त्रास आपल्याकडे फार होतो आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा समोरचा पांढराशुभ्र पडदा पाहून तो एकूण चित्र गडद करतो, आणि सावळा चेहरा प्रत्यक्षापेक्षा काळवंडतो. मग फोटोग्राफर ‘थोडं उजळ करू का?’ असे विचारतो आणि कातडीचा रंगच बदलून टाकतो. नियमाला कातडीचा नैसर्गिक रंग हवा आहे. त्यावर योग्य उपाय फोटो काढतानाच करायचा असतो: उजेडाचे मोजमाप पडद्यावर न घेता चेहऱ्यावर घ्यायचे. मोबाइलवर चेहऱ्याला बोट टेकवले की ते होते. आपला रंग जसा आहे तसाच छापून घेण्याचा आग्रह अर्जदाराने निःसंकोच धरावा.

स्टुडिओत दोन्ही बाजूंनी सारखा, मऊ प्रकाश मिळतो. घरी काढायचा तर दिवसा, खिडकीकडे तोंड करून, पाठीमागच्या भिंतीपासून निदान एक मीटर पुढे उभे राहावे, म्हणजे सावली भिंतीवर पडत नाही. डोक्यावरच्या दिव्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळे पडते, म्हणून तो बंद ठेवावा. कपाळ आणि नाक घामाने चमकत असेल तर रुमालाने टिपून घ्यावे. तो पांढरा चमकता ठिपका हेही फोटो नाकारण्याचे कारण ठरू शकते.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि साधारण दीड ते दोन मीटर दूर असावा. हाताने धरून काढलेली सेल्फी इथे कामाची नाही. मोबाइलची रुंद भिंग इतक्या जवळून नाक मोठे आणि कान लहान दाखवते, आणि नंतर फोटो कितीही कापला तरी चेहऱ्याचे बिघडलेले प्रमाण सुधारत नाही. दुसऱ्या कोणाला तरी दूर उभे करून काढायला सांगावे आणि मग कापून माप साधावे.

टचअप आणि त्यामागची भीती

आपल्याकडच्या स्टुडिओत टचअप हा पाहुणचाराचा भाग आहे. न मागता मुरुम पुसले जातात, डोळ्यांखालची वर्तुळे जातात, कातडी गुळगुळीत होते. अनेक मोबाइलमध्ये सौंदर्याचा फिल्टर आधीपासूनच चालू असतो आणि तो हनुवटीही बारीक करतो. तीळ, वण, सुरकुत्या या ओळखीच्या खुणा आहेत. त्या राहू द्याव्यात. फोटो काढण्याआधीच ‘काहीही टचअप नको’ असे स्पष्ट सांगावे.

बदललेल्या फोटोबद्दल युरोपात इतकी धास्ती का, याला इतिहास आहे. २०१४ मध्ये बोलोन्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की दोन माणसांचे चेहरे संगणकावर एकत्र मिसळून तयार केलेला फोटो यंत्राला दोघांचाही वाटू शकतो, म्हणजे एकाच पासपोर्टवर दोघे फिरू शकतात. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ‘पेंग!’ या कलाकार-कार्यकर्त्यांच्या गटाने आपल्या एका सदस्याचा चेहरा युरोपीय संघाच्या तत्कालीन परराष्ट्र प्रमुख फेदेरिका मोगेरिनी यांच्या चेहऱ्याशी मिसळला आणि त्या फोटोवर खरा जर्मन पासपोर्ट मिळवून दाखवला. २०२० मध्ये जर्मनीने कायदा बदलला, आणि १ मे २०२५ पासून जर्मनीतल्या कार्यालयांत पासपोर्ट, ओळखपत्र आणि परदेशी नागरिकांचे वास्तव्य परवाने यांसाठी कागदी फोटो घेणे बंद करण्याचा नियम लागू झाला.

मराठी अर्जदाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की पुण्याहून फोटोंची चळत सोबत नेऊन उपयोग नाही. व्हिसावर जर्मनीत उतरल्यावर जो वास्तव्य परवाना मिळतो, त्याचा फोटो तिथल्या कार्यालयातल्या यंत्रावर काढतात, किंवा मान्यताप्राप्त फोटोग्राफर तो सुरक्षित मार्गाने सरकारकडे पाठवतो आणि अर्जदाराच्या हाती क्यूआर कोडसारखा चौकटीचा कोड देतो. कार्यालयात काढला तर त्याचे ६ युरो पडतात. भारतातून करायच्या व्हिसा-अर्जासाठी मात्र दूतावासाच्या ताज्या यादीत मागितलेले कागदी फोटोच न्यावेत.

चष्मा, पदर, नथ

चष्मा जर्मन नियमांत चालतो, पण डोळे पूर्ण दिसले पाहिजेत, काचेवर चमक नको आणि फ्रेमची कड डोळ्यावर नको. काळी किंवा रंगीत काच चालत नाही. रोज चष्मा लावणाऱ्यानेही तो काढूनच फोटो द्यावा, हे जास्त सुरक्षित.

डोके झाकलेले नसावे. धार्मिक कारणासाठी सवलत मिळते. पगडी, हिजाब किंवा डोक्यावरचा पदर असला तरी हनुवटीच्या टोकापासून कपाळापर्यंतचा चेहरा मोकळा दिसला पाहिजे आणि कापडाची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. दागिन्यांना कसोटी एकच, चेहऱ्याचा भाग झाकला जातो का. नाकातल्या चमकीने काही बिघडत नाही. मोत्यांची नथ वरच्या ओठावर येते, म्हणून ती उतरवावी.

लहान मुले

पालकांसोबत जाणाऱ्या मुलांना वेगळा फोटो लागतो, अगदी दोन महिन्यांच्या बाळालाही. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी चेहऱ्याची उंची २२ ते ३६ मिमी चालते. सहा वर्षांपर्यंत डोक्याचा कल, चेहऱ्यावरचा भाव आणि नजर यांतही सूट आहे. पण फोटोत बाळ एकटेच हवे. धरणाऱ्याचा हात, खुळखुळा, तोंडातली चोखणी, काहीही दिसू नये. बाळाला फिकट रंगाच्या, सुरकुत्या नसलेल्या चादरीवर उताणे झोपवून वरून फोटो काढणे सर्वांत सोपे. दुपटे गळ्याच्या खाली सरकवावे, टोपडे काढावे. दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावलेली तीट तेवढ्यापुरती पुसून घ्यावी, आणि काजळही नको, कारण डोळ्यांच्या कडा त्याने वेगळ्या दिसतात.

छपाई

३५ × ४५ मिमीचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) छापायचा तर मूळ फाइल ८२७ × १०६३ पिक्सेलची लागते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते आणि चेहऱ्याचा तपशील जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी किंवा पेनड्राइव्हवर न्यावी. छापताना प्रिंटरने कागदाला जुळवून फोटो ताणू नये, आकार शंभर टक्के ठेवावा. फोटो ताणला गेला तर चेहरा रुंद होतो आणि बाहेरचे माप बरोबर असूनही तो नापास होतो. कापताना पांढरी किनार ठेवायची नाही. स्टेपलरची पिन, पेनाची शाई, मागच्या सहीचा उठलेला ठसा यांपैकी काहीही फोटोवर येऊ देऊ नये.

इतर देश

फ्रान्सचे माप जर्मनीसारखेच आहे. अमेरिकेचा फोटो मात्र चौरस, ५१ × ५१ मिमीचा असतो. ‘दोन बाय दोन’ म्हणतात तो हाच. त्यात चेहरा २५ ते ३५ मिमीचा, पार्श्वभूमी पांढरी किंवा पांढरट, आणि नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्याला मनाई. चीनला ३३ × ४८ मिमी लागतो. जपानच्या दीर्घ वास्तव्यासाठी आधी जे पात्रता प्रमाणपत्र काढावे लागते, त्याच्या अर्जावर ३० × ४० मिमीचा फोटो असतो. कॅनडाच्या कायम वास्तव्याच्या फोटोचे माप ५० × ७० मिमी आणि चेहरा ३१ ते ३६ मिमी. कागदी फोटो दिला तर त्याच्या मागे स्टुडिओचे नाव, पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लागते.